पश्चिमकरांचं छप्पर

माझ्या भावाने जन्मभरात एकच इमारत बांधली आणि ती चुकली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरी कोणी नवीन माणूस आलं की दादाही चहा यायच्या आत हेच सांगायचा. समोरच्याला वाटायचं, केवढा हा विनय. विनय कसला डोंबलाचा. खरोखरच चुकली होती.

दादा शिकून आर्किटेक्ट झाला आणि पुढे आर्किटेक्चरच्या कॉलेजात मास्तर. मास्तर म्हटलेलं त्याला चालायचं, प्राध्यापक म्हटलं की मागे वळून बघायचा, आपल्या पाठीशी कोणी उभं आहे की काय म्हणून. मी त्याची धाकटी बहीण. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि आपण मधे बोलायचं नाही, असा तिथला नियम. नोकरी संपली तेव्हापासून मी मधे बोलते. आवडत नसेल त्याने उठून जावं.

तर तो हॉल. दादा तेव्हा एका नावाजलेल्या ऑफिसात उमेदवारी करत होता. तिथल्या मालकाला सगळे पाठीमागे म्हातारा म्हणत, म्हणून मीही म्हणते. कॉलेजला मुलांच्या ड्रॉइंगसाठी नवा मोठा हॉल हवा होता, आणि म्हाताऱ्याने ते काम दादाच्या अंगावर टाकलं. दादाने जिवाचं रान केलं. जेवताना ताटात बोटाने रेघा ओढायचा, आई ओरडायची.

ड्रॉइंग करणाऱ्याला उजेड हवा पण ऊन नको. ऊन आलं की पांढरा कागद डोळ्यांत घुसतो आणि पट्टीची सावली नेमकी रेघेवर पडते. म्हणून असल्या हॉलचं छप्पर करवतीच्या दातांसारखं करतात. एकामागे एक उतरतं छप्पर, आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच. त्या सगळ्या काचा उत्तरेकडे तोंड करून ठेवायच्या. उत्तरेचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा, डोळ्यांना थंड. दादाने मला हे इतक्या वेळा समजावलंय की मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आता चूक कशी झाली ते ऐका. मोजणीवाल्याने दिलेल्या नकाशात जागा लांबुळकी होती. कागदावर बसावी म्हणून त्याने ती आडवी काढली, त्यामुळे त्याचा उत्तरेचा बाण एका बाजूला झोपलेला होता. दादाने ती जागा ऑफिसच्या शीटवर उतरवून घेतली. ऑफिसच्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात ऑफिसचं नाव, पत्ता आणि उत्तरेचा बाण आधीच छापलेला असायचा. टोक वर. या लोकांच्या कागदावर उत्तर वरच असते, तशी त्यांना सवयच लागलेली असते. जागा उतरली, छापलेला बाण होता तिथेच राहिला आणि पश्चिमेलाच उत्तर म्हणू लागला. पुढची सगळी ड्रॉइंगं त्या एका शीटवरून झाली. म्हाताऱ्याने सही केली, इंजिनिअरने तपासली, ठेकेदाराने बांधली. रेघा सगळ्यांनी पाहिल्या, बाणाकडे कोणी पाहिलं नाही.

मी त्याला एकदा न राहवून विचारलं, "अरे, सूर्य कुठे मावळतो हे तुला ठाऊक नव्हतं?"

"रस्त्यावर उभा असताना ठाऊक होतं," तो म्हणाला. "कागदापुढे बसलो की विसरायचो."

साइटवर तो जायचा तो भरदुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. सूर्य तेव्हा डोक्यावर. डोक्यावरच्या उन्हाला ना पूर्व ना पश्चिम. छप्पर चढलं, काचा बसल्या, आणि म्हाताऱ्याने खूश होऊन एके दिवशी त्याला लवकर सोडलं. दादा आईला आणि मला हॉल दाखवायला घेऊन गेला. चहाची वेळ टळून गेली होती. दार उघडलं तर आत भट्टी. प्रत्येक दातातून ऊन तिरपं आत घुसलं होतं आणि सगळ्या फरशीवर त्याचे पट्टे पडले होते. आई म्हणाली, "छान आहे रे, ऊनच ऊन." दादा मधोमध उभा होता, कपाळावर आडवा हात धरून. तोंडचं पाणी पळालं होतं. मला वाटलं, त्याला घेरी येतेय.

"चिमे," तो म्हणाला. मला घरात चिमी म्हणत, अजूनही म्हणणारं कोणी असतं तर बरं झालं असतं. "चिमे, मी कागद फिरवला."

शहाण्या माणसाने पुढे काय केलं असतं? मूग गिळून गप्प बसला असता. उद्घाटन व्हायचं होतं, पाहुणे ठरले होते, वर्षभर तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं, आणि आलं असतं तरी पडदे लावून निभावलं असतं. आमचे बंधुराज दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. म्हातारा म्हणाला, "माझ्याशी बोललास ते बोललास, बाहेर बोलू नकोस." मग दादा तिथून निघाला आणि थेट संस्थाचालकांकडे गेला. सांगितलं, काचा पश्चिमेला झाल्यात, चूक माझी आहे, भिंती आणि खांब जसेच्या तसे राहू द्या, फक्त छप्पर उतरवून फिरवून बसवू.

संस्थाचालक म्हणाले, "आता उद्घाटन तोंडावर आलंय. छप्पर पुढच्या वर्षी बघू."

हे वाक्य लक्षात ठेवा. दादाचं उरलेलं आयुष्य त्या वाक्यावर गेलं.

म्हाताऱ्याने त्याला लगेच कामावरून काढलं. पण कॉलेजने ठेवून घेतलं, शिकवायला. खरं बोलला म्हणून असेल, किंवा छप्पर फिरवायची वेळ येईल तेव्हा माणूस हाताशी असावा म्हणूनही असेल. त्याच हॉलमध्ये, दुपारच्या वर्गांना. आपणच घातलेल्या घोळात रोज जाऊन उभं राहायचं, असली नोकरी मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही.

दुपार कलली की त्या हॉलमध्ये जे चालायचं ते बघण्यासारखं होतं. मुलं टेबलं ओढत सावलीच्या मागे मागे सरकत जायची. काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, ती उन्हाने पिवळी पडून गळून पडायची. ट्रेसिंग पेपर कडेने वळायचे, पेनातली शाई सुकायची, घामाचा थेंब टपकन ड्रॉइंगवर पडायचा आणि दिवसभराची मेहनत पाण्यात. मुलं डोक्यावर टोप्या घालून बसत. आणि मास्तरांचं नाव त्यांनी ठेवलं होतं पश्चिमकर. पश्चिमकर सर. नवीन आलेल्या शिक्षकांना ते त्याचं खरंच आडनाव वाटायचं. एकदा टपालही त्या नावाने आलं, आणि दादाने ते मुकाट सही करून घेतलं.

दरवर्षी नवीन मुलं आली की पहिला वर्ग तो मुद्दाम उशिरा घ्यायचा, ऊन आत आल्यावर. "या हॉलमध्ये एक मोठी चूक आहे, शोधा," म्हणायचा. मुलं जिना बघत, खिडक्या बघत, डोळे बारीक करून फिरत. शेवटी एखादं धीर करून म्हणायचं, "सर, ऊन येतंय."

"मग ती सूर्याची चूक का माझी?"

मुलं हसत. मग तो फळ्यावर बाण काढून सगळी गोष्ट सांगायचा, एक शब्दही न गाळता, आणि शेवटी म्हणायचा, "कागदापुढे बसण्याआधी जागेवर उभे राहा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी." माझं डोकं फिरायचं हे ऐकून. सगळी दुनिया आपल्या चुका गाडून वर फुलझाडं लावते, आणि हा दरवर्षी नव्या पोरांना बोलावून आपली चूक उकरून दाखवतो. आपल्याच पायावर धोंडा किती वेळा पाडून घ्यायचा माणसाने?

एका वर्षी एक भारी आगाऊ मुलगी होती. भर वर्गात तिने काळी छत्री उघडली आणि बोर्डावर धरून ड्रॉइंग करत बसली. सगळा वर्ग खिदळायला लागला. एका हातात छत्री, एका हातात पेन, पट्टी धरायला हातच उरला नव्हता. दादा तिच्यापाशी गेला, तिच्या हातातून छत्री घेतली आणि तिची रेघ पुरी होईपर्यंत तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. मग वर्गाला म्हणाला, "इमारत आपल्या हौसेसाठी नसते. आत बसणाऱ्याला त्रास होत असेल तर ती चूक. होत नसेल तर बरोबर. बाकी सगळ्या गप्पा." त्या मुलीला आम्ही घरी छत्रीवाली म्हणायचो. ती पुढे या गोष्टीत परत यायची आहे.

बाहेरचं काम त्याला कोणी दिलं नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाईक विश्वासावर येतं त्या धंद्यात हा स्वतःच दवंडी पिटणार, मग येणार कोण? आमच्या एका चुलतभावाला तेवढी दया आली, त्याने आपलं घर दादाला करायला सांगितलं. आईने देवापुढे दिवा लावला. दादा रोज त्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन बसायला लागला. कंपास घेऊन, काठ्या रोवून, सावल्यांवर खुणा करत. महिने गेले तरी कागदावर एक रेघ नाही. चुलतभाऊ विचारायला आला तर म्हणाला, "एक अख्खं वर्ष ऊन बघतो, मग रेघ ओढतो."

"दादा," चुलतभाऊ म्हणाला, "त्या घरात मला राहायचंय, सूर्याला नाही."

घर शेवटी ठेकेदारानेच बांधलं. अगदीच सामान्य, पण लोक त्यात सुखाने राहतात. दादा ते बघायला गेला होता. परत येऊन म्हणाला, "स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, चांगलं झालंय." मत्सराचा एक कण नाही. मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हॉलचा रंगही वाळला नव्हता. तिला वाटलं, आज एक झालाय, पुढे अजून होतील. दोघं फिरायला निघाली की ती नव्या इमारतींकडे बोट दाखवायची, "हे कोणाचं?" दादा सांगायचा, अमक्या विद्यार्थ्याचं, तमक्या विद्यार्थिनीचं. खरंच, अर्धं गाव त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी बांधलं. "आणि तुमचं?" वहिनी विचारायची. "माझं छप्पर फिरलं की दाखवतो," तो म्हणायचा. काही वर्षांनी तिने विचारणं सोडून दिलं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला मूल झालं नाही, आणि एका लांबलेल्या दुखण्यात ती गेली. मग माझं चंबूगबाळं उचलून मी दादाकडे राहायला आले.

छपराचं भिजत घोंगडं तसंच होतं. दरवर्षी संस्थेच्या सभेपुढे दादा विषय मांडायचा आणि दरवर्षी त्याला वाटाण्याच्या अक्षता लागायच्या. एका वर्षी कुंपणाची भिंत आधी हवी होती. एका वर्षी फाटक. एका वर्षी संस्थापकांचा अर्धपुतळा, आणि तो बसवला कुठे, तर हॉलच्या दाराशी, चकाकत्या उन्हात. प्राचार्यपदाची वेळ आली तेव्हा कोणीतरी सभेत म्हणालं म्हणे, ज्याला स्वतःचं छप्पर सांभाळता आलं नाही तो कॉलेज काय सांभाळणार. दादापेक्षा धाकट्या माणसाला खुर्ची मिळाली. दादाने त्याला भेटून अभिनंदन केलं आणि त्याच भेटीत छपराचा विषय काढला.

त्याला बाकी काही नकोच होतं. प्राचार्यपद नको, मानसन्मान नको. डोळे मिटायच्या आत एकदा त्या हॉलमध्ये दुपार कलल्यावर उभं राहायचं आणि खाली पट्टे पडलेले दिसायला नकोत, एवढंच. हे मला तो कधी बोलला नाही. पण माणूस एका घरात राहिलं की कळतं.

त्या फिरवलेल्या छपराचं त्याने पुठ्ठ्याचं मॉडेल केलं होतं. चांगलं हातभर लांब आणि तेवढंच रुंद, हॉल चौरसच होता. भिंती, खांब, आत काडेपेटीच्या काड्यांची टेबलं, आणि वर झाकणासारखं उचलता येणारं छप्पर. ते मॉडेल आमच्या जेवणाच्या टेबलावर असायचं. अर्धं टेबल त्याचं, उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघं ताटं लावून बसायचो, कोपराला कोपर घासत. पाणी वाढायचं तर जपून, रस्सा वाढायचा तर त्याहून जपून. "हे एकदाचं माळ्यावर टाक," मी म्हणायची. "पुढच्या वर्षी लागेल," तो म्हणायचा. पाहुणा आला की मॉडेल गच्चीवर जायचं. दादा पाहुण्याला गुडघ्यांवर बसवायचा, पुठ्ठ्याच्या दाराला एक डोळा लावायला सांगायचा. "हे आत्ताचं," म्हणून छप्पर एका दिशेला ठेवायचा, "आणि हे असं," म्हणून उचलून फिरवून ठेवायचा. खरं सांगते, एकदा मीही बघितलं होतं. पहिल्यांदा आत पट्टे होते. मग त्याने झाकण फिरवलं आणि त्या काडेपेटीच्या टेबलांवर सगळीकडे सारखा, मऊ उजेड पसरला. मी उठले आणि म्हटलं, "गुडघे दुखतात माझे, आटप आता."

तो निवृत्त झाला, मीही झाले. त्याचे गुडघे गेले, माझे कान थोडे गेले. आणि मग एक दिवस छत्रीवाली घरी आली. आता ती छत्रीवाली नव्हती, त्याच कॉलेजची संचालक झाली होती. केस पिकलेले, पण पायातल्या चपला दारात भिरकावून द्यायची सवय तीच.

"सर," ती म्हणाली, "हॉलच्या कामाला मंजुरी मिळाली. सुट्टीत काम सुरू करते. छप्पर तुमच्या मनासारखं करायचं माझ्या मनात आहे. तुमची ड्रॉइंगं आणि हे मॉडेल द्याल का? सभेला दाखवायचंय."

दादा उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी चहा टाकला. तो ड्रॉइंगांची गुंडाळी घेऊन आला तेव्हा त्याने दुसरा शर्ट घातलेला होता, इस्त्रीचा. मॉडेल त्याने स्वतः उचलून खाली गाडीपर्यंत नेलं, त्या गुडघ्यांनी, मला हातही लावू दिला नाही. "झाकण सैल आहे," तो तिला म्हणाला. "फिरवताना जपून."

टेबल मोकळं झालं. मी ओल्या फडक्याने पुसून काढलं तर मॉडेलच्या खालचं लाकूड वेगळ्याच रंगाचं निघालं. मला वाटलं होतं, आता ऐसपैस बसून जेवू. पण दादा आपला त्याच अर्ध्यात बसायचा, आणि मग मीही.

काम चाललं होतं तेवढे दिवस तो लहान पोरासारखा वागत होता. "जाऊन येऊ का?" रोज विचारायचा. छत्रीवालीला फोन लावायचा. ती आधी म्हणायची, "सर, फार धूळ आहे, तुम्हाला खोकला होईल." नंतर नंतर फोन तिची मदतनीस उचलायला लागली. मी जन्मभर फोनच केलेत. पलीकडचं माणूस फोन का उचलत नाही ते मला पहिल्या फटक्यात कळतं. पण मी दादाला काही बोलले नाही. त्याचा चेहरा बघून बोलायचं धाडस झालं नाही.

मग आमंत्रण आलं. नूतनीकरण झालेल्या हॉलचं उद्घाटन, दादाच्या हस्ते. आम्ही रिक्षाने गेलो. त्याने मुद्दाम दुपार कलल्यावर निघायला लावलं, कार्यक्रमाच्या आधी तास दीड तास. पट्टे बघायचे होते ना, म्हणजे नसलेले बघायचे होते.

दाराशी छत्रीवाली उभी होती. तिने वाकून नमस्कार केला आणि मान वर केलीच नाही. आत गेलो. हॉल थंडगार. एसीचा बारीक आवाज. ओळीने कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे गुबगुबीत खुर्ची. वर पाहिलं तर छप्पर नव्हतं. पांढऱ्या चौकोनांचं सपाट सीलिंग, त्यात बसवलेले दिवे, आणि सगळीकडे सारखा, मऊ उजेड.

दादा मान वर करून उभाच राहिला.

"वरचं छप्पर?" त्याने विचारलं.

"आहे, सर. होतं तसंच आहे. त्याच्या खाली हे सीलिंग टाकलंय."

"आणि काचा?"

"काळा रंग दिलाय. स्क्रीनवर चकाकी येत होती." मग तिचा बांध फुटला. "सर, मी सभेत तीनदा तुमचं मॉडेल मांडलं. भांडले मी. पण कॉम्प्युटर आले आणि सगळंच बदललं. मुलं आता कागदावर काढत नाहीत. फिरवलेल्या छपरातूनही थोडा उजेड आलाच असता, आणि त्यांना तो नकोच आहे. तुम्हाला फोन करायचा होता. माझा हात उचलला गेला नाही."

मी तिला चांगलं खडसावणार होते. जिभेवर आलं होतं. दादाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मुलांना त्रास होत नाही ना?" त्याने तिला विचारलं.

"नाही, सर. पहिल्यांदाच होत नाही."

"मग बरोबर आहे," दादा म्हणाला.

त्याने फीत कापली. भाषण केलं नाही, घसा बसलाय म्हणाला. मॉडेल दाराजवळ काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं, आत छोटा दिवा, खाली दादाचं नाव, खरं नाव. झाकण उलट्या दिशेला बसवलं होतं, पश्चिमेला. मला ते दिसलं म्हणजे त्यालाही दिसलंच असणार. त्याचा हात पेटीपर्यंत गेला, पण पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्याने विचारलं नाही.

रिक्षात मी त्याला म्हटलं, "तू तिला काहीच कसं बोलला नाहीस? तोंडाला पानं पुसली तिने तुझ्या."

"चिमे, मीच शिकवलं होतं ते तिला," तो म्हणाला. आणि बाहेर बघत बसला. सूर्य समोरच होता, रस्त्याच्या टोकाला, पण त्याने डोळ्यांवर हात धरला नाही.

त्यानंतर तो फार काळ राहिला नाही. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मला डॉक्टरांचं पटलं नाही. वय त्याआधीही होतं, पण तेव्हा पुढचं वर्षही होतं. तो नेहमीसारखं जेवायचा, त्याच अर्ध्या टेबलावर. वर्तमानपत्र वाचायचा. गच्चीवर जायचा बंद झाला. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर उठला नाही.

शोकसभा कॉलेजने त्या हॉलमध्येच ठेवली. वेळ चारची. त्याचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते, मोठी मोठी माणसं, ज्यांच्या इमारतींकडे वहिनी बोट दाखवायची ती. सगळे छान बोलले. सरांनी आम्हाला जागेवर उभं राहायला शिकवलं, म्हणाले. सरांनी आमच्या आयुष्यात प्रकाश आणला, असंही एक जण म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. छत्रीवाली पहिल्या रांगेत होती, ती बोललीच नाही. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुकारलं, आता सरांच्या भगिनी दोन शब्द बोलतील.

मी गेले. माईक माझ्या उंचीला आणून दिला. बोलायचं बरंच ठरवून आले होते.

"दिवे बंद करा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मला दादाचे फोटो दाखवायचे आहेत पडद्यावर. मागे कोणीतरी बटणं दाबली. बाहेर लख्ख ऊन होतं, माझ्या दादाच्या उन्हाची वेळ होती, आणि आत मला माझा हात दिसेना. मी मान वर केली. वाटलं, कुठेतरी रंगाचा टवका उडाला असेल, सीलिंगला एखादी फट राहिली असेल, एखादी तिरीप येईल. म्हातारीची खुळी आशा, दुसरं काय. काहीही आलं नाही. काम चोख केलं होतं.

एक जण खोकला. पहिल्या रांगेतून हुंदक्याचा आवाज आला, तो कोणाचा ते मला कळलं. मी मान वर करून तशीच उभी राहिले. इथे तिथे मोबाइल पेटायला लागले, लोक खाली वाकून पायांत उजेड पाडून बघायला लागले.

मग कोणीतरी दिवे लावले. मी माझ्या जागेवर जाऊन बसले, आणि आभारप्रदर्शन झालं.